दोघांचा बाक

सुतारबाबा म्हणजे तापट माणूस. लेक वकील झाली आणि तुरुंगात खितपत पडलेल्या गोरगरिबांचे खटले फुकट लढू लागली, तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला शिकवलं का तुला?" लेक हसायची आणि पिशवी उचलून चालू लागायची.

एकदा ती परतली तेव्हा तिचे कपडे मागून धुळीने भरलेले होते.

"पडलीस का कुठे?"

"नाही हो बाबा. भेटीच्या खोलीत एकच खुर्ची, ती वकिलाची. कैद्याने समोर उकिडवं बसायचं. असं मान वर करून कुणी मनातलं सांगतं का? म्हणून मीही जमिनीवरच बसते."

बाबा तडक कामाला लागले. गिऱ्हाइकाचं कपाट अर्धवट टाकून त्यांनी जपून ठेवलेल्या सागवानी फळ्या बाहेर काढल्या, रंधा मारमारून गुळगुळीत केल्या आणि ऐसपैस बाक बनवला. तो आत न्यायची परवानगी काढायला लेकीला कचेरीत कितीतरी खेटे घालावे लागले.

बाक घेऊन बाबा स्वतःच तुरुंगात गेले. जेलरसाहेबांनी त्यावरून हात फिरवला. "काम झकास आहे हो. पण एवढा लांबलचक कशाला? वकीलबाईंना खुर्ची आहे की आमची."

"खुर्चीवर एकट्यानेच बसावं लागतं, साहेब," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "आणि माझी लेक एकटी बसत नाही."