नाकाखालचा बाम

किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने देणाऱ्या बाईने आल्यागेल्याला गोड बोलून बसवावं, इतकी साधी गोष्ट. पण छत्रीवालीचं सगळंच उफराटं. एखादं कुटुंब पिशव्या-बादल्या सावरत वाळूत उतरलं, की ही आधी नाक वर करून वारा हुंगायची आणि मग विचारायची, "कुठे बसणार? त्या टोकाला? मग नाही मिळणार छत्री."

झालं! माणसं सुट्टीला आलेली, खिसा सैल सोडायला तयार, आणि ही बया नाही म्हणते! शेजारचा हॉटेलवाला कपाळावर हात मारून घ्यायचा. "काकू, अहो धंदा करताय की पहारा देताय?"

"दोन्ही. तुला एकच जमतं, त्याला मी काय करू?"

ते टोक म्हणजे ओढा समुद्राला मिळतो तिथली खोलगट जागा. उन्हाळा तापला की लाटांबरोबर हिरवं शेवाळ ढिगांनी यायचं आणि तिथे साचून राहायचं. वरून ते उन्हाने वाळून पांढुरकं व्हायचं, दिसायला अगदी सतरंजी अंथरल्यासारखं. आत मात्र सडत असायचं, आणि त्या सालीखाली विषारी वायू कोंडलेला असायचा. साल फुटली की तो भसकन बाहेर. धोक्याची पाटी लावलेली होती म्हणा, पण ती स्वच्छतागृहाच्या मागे. पाहुणे घाबरू नयेत म्हणून!

एकदा एक जोडपं आलं, बरोबर गुबगुबीत कुत्रा. बायकोने विचारलं, "याला मोकळं सोडलं तर चालेल ना?"

"इकडे चालेल. तिकडे गेला तर पहिला तोच जाईल, त्याचं नाक जमिनीला. लहान पोरांचंही तसंच. पाणी हिरवं नाहीतर तांबूस दिसलं तर उतरायचं नाही. पोहून आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवायचं. शिंपले वेचा हवे तेवढे, पण शिजवून खाऊ नका. आणि सडक्या अंड्यांसारखा वास आला, की मागे फिरायचं."

"आणि वास गेला, की परत पुढे?" नवऱ्याने हसत विचारलं.

छत्रीवालीचा चेहरा पांढरा पडला. "वास एकदम गेला, तर असेल ते टाकून पळायचं. मोकळ्या वाऱ्याला, उंचावर. वास गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं. त्यानंतर माणूस."

ती दोघं कुत्र्याला साखळी घालून इकडेच बसली. हसली नाहीत, आणि त्या टोकालाही गेली नाहीत.

छत्रीवालीलाही हे आधी ठाऊक नव्हतं. तिचा नवरा किनारा साफ करायच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. शेवाळ बकेटमध्ये उचलायचं आणि लांब नेऊन टाकायचं, हे काम. दुर्गंधी अशी, की जेवण वर यायचं. म्हणून ती सगळी टोळी नाकाखाली जाडजूड बाम थापून कामाला जायची. नवा माणूस आला की जुने त्याला आधी बामाची डबी द्यायचे, मग फावडं. नाकात नुसता बाम झोंबत राहायचा, बाकी कशाचा पत्ता नाही.

तिचा नवरा स्वतःच्या हाताने बाम कधी लावायचा नाही. तयार होऊन दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि चेहरा वर करायचा. म्हणजे हिने लावायचा.

"काय हे लाडोबा! घोड्याएवढा झालास."

"मिशीला लागू देऊ नकोस."

"मग काढून टाक ती मिशी, झाडू कुठली!"

रोज हेच भांडण. रोज तर्जनी डबीत, मग त्याच्या ओठावर. बोट गार पडायचं, आणि मग तो जायचा.

आणि एक दिवस तो त्या टोकाला ट्रॅक्टरवर सापडला. इंजिन चालू, डोकं स्टिअरिंगवर. बरोबरच्यांना वाटलं, डुलकी लागली. साहेब लोकांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. हात झटकून मोकळे झाले.

पुढे पाण्याचे नमुने घ्यायला एक बाई आली होती. उन्हाने दमून छत्रीखाली टेकली, तेव्हा तिने सालीखालच्या वायूचं सगळं समजावून सांगितलं. वास हीच काय ती आधीची सूचना, म्हणाली.

"आणि नाकाखाली बाम असला तर?" छत्रीवालीने विचारलं.

"मग तीही नाही." बाटल्यांची झाकणं लावता लावता त्या बाईने मान वर केली आणि समोरचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाली, "पण वायू फार असला तर नाक तसंही लगेच मरतं. नक्की सांगता येत नाही."

नक्की सांगता येत नाही. त्या चार शब्दांवर छत्रीवाली पुढची वर्षं जगली. ते शब्द नसते, तर तिने स्वतःचं बोट विळीवर धरलं असतं.

कारण तो रोज यायचा. भुताखेतांच्या गप्पांना फिदीफिदी हसणारी बाई ती, पण सकाळी दार उघडलं की तो दारात उभा असायचा. डोळे मिटलेले, चेहरा वर. बोलायचा नाही, त्रास द्यायचा नाही, नुसता थांबायचा. तिची तर्जनी गार पडायची. चहाच्या कपाला कितीही वेळ लावून ठेवली तरी ऊब यायची नाही.

"जा रे बाबा," ती म्हणायची. "नाही लावणार मी."

तो काही जायचा नाही. शेवटी तीच बाजूने निघून जायची.

असं असताना तिच्या मुलाने तीच नोकरी धरली. तोच ट्रॅक्टर, तीच टोळी, तोच बाम. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळे लावतात, आई. न लावता उलट्या होतात तिथे."

"मग होऊ देत उलट्या!"

"बाबांचं हृदय गेलं होतं. कितीदा तेच तेच?"

"मास्क दिलेत ना, ते घाल."

"ते धुळीचे आहेत. वायू काय अडतोय त्यांनी!"

"मग सोड ती नोकरी."

"आणि काय करू, तुझ्या छत्र्या सांभाळू? तू तर गिऱ्हाईकच टिकू देत नाहीस."

तिला रागातही हसू फुटलं, आणि तिथेच ती हरली. डबी लपवली, तर त्याने दुसरी आणली. तीही लपवली, तर टोळीतल्या कुणाची तरी घेतली. मग तिने युक्ती केली. डबीतला बाम खरवडून काढला आणि साधी व्हॅसलिन भरली. झाकणाला आतून तेवढा बाम राहू दिला, उघडताना वास यावा म्हणून.

सकाळी तो घाईत होता. हातमोजे चढवून बसला आणि मग बाम आठवला. "आई, जरा लाव ना."

दारात उभा राहून त्याने डोळे मिटले आणि चेहरा वर केला. बापासारखाच, बापाच्याच जागी. तिने तर्जनी डबीत घातली आणि व्हॅसलिन लावली.

त्या दिवशी छत्रीवालीचं धंद्यात लक्ष नव्हतं. डोळ्यांत तेल घालून ती टोकाकडे बघत होती. दुपारी वारा पडला. लांबवर ट्रॅक्टर पुढे-मागे होत होता, तो थांबला. इंजिनाचा आवाज येत होता, पण सीटवर कुणी नव्हतं.

ती धावली. कुणीतरी खुर्ची मागत होतं, त्याला ढकलून धावली. वाळू पायाखालून सरकत होती आणि देवा देवा म्हणायलाही श्वास पुरत नव्हता.

तो वरच्या टेकाडावर गुडघ्यांवर बसून ओकत होता. जिवंत!

"खाली जाऊ नकोस!" तो ओरडला. तिने त्याला कवटाळलं, मग पाठीत धपाटे घातले, मग पुन्हा कवटाळलं. दोघंही रडत होती.

धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "आज नुसता भपकारा येत होता, आई. बामाला शिव्या घालत होतो. आणि एकाएकी काहीच नाही, सगळं स्वच्छ. बरं वाटलं क्षणभर. मग तुझं ते आठवलं, नाक मेलेलं असतं. मारली उडी आणि पळालो." त्याने ओठावरून हात फिरवून बघितला. "काय लावलंस मला?"

"काही नाही. बाम नव्हता तो."

तो हसायला लागला. "म्हणजे तू वाचवलंस. बाम असता तर मला कळलंच नसतं. बाबांनाही त्या दिवशी..."

तो तिथेच थांबला. त्याची नजर तिच्या हातावर गेली, मग तो समुद्राकडे बघायला लागला. बाबांचं हृदय गेलं होतं, हे त्यानंतर तो कधी म्हणाला नाही. छत्रीवालीला ते चार शब्द आठवून बघायचे होते. पण आता त्यांत जीव उरला नव्हता.

मग टोकाला दोरी बांधली गेली, पाटी मागून पुढे आली, टोळीला वायू अडवणारे खरे मास्क मिळाले. हॉटेलवाला आपण होऊन पाहुण्यांना म्हणू लागला, आधी काकूंना विचारा. छत्रीवालीने मान डोलावली. मुलगा घरात होता, धडधाकट होता, याहून तिला काय हवं होतं?

त्यानंतरच्या एका सकाळी तिने दार उघडलं. नवरा उभाच होता, डोळे मिटून.

आज तिने त्याला जा म्हटलं नाही. बाही ओढून तिने त्याचा वरचा ओठ पुसला. पुन्हा पुसला, घासून घासून पुसला.

"काढला बघ सगळा," ती म्हणाली. "आता येईल तुला वास. आता कळेल."

"आई, कुणाशी बोलतेस?" आतून मुलाने विचारलं.

"कुणाशी नाही रे. वारा बघतेय."

तो तसाच चेहरा वर करून थांबला होता. तिने बाम लावल्याशिवाय तो कधी कामाला गेलाच नव्हता.