दोरी बांधलेली बॅग

माझ्या कादंबरीत रणगाडा नाही, ही पुण्याच्या संपादकांची पहिली तक्रार. दुसरी तक्रार, त्यात एकही बॉम्ब पडत नाही. "मॅडम, लढाईवरची कुमार कादंबरी आहे ना? मुलांना थरार लागतो," असं ते फोनवर इतक्या मायेनं सांगायचे की रागवायचीही पंचाईत. कादंबरी लढाईवर नाही, लढाईनंतर घरी आलेल्या माणसांवर आहे, हे सांगून सांगून मी दमले. इराकनं कुवेतवर चढाई केली तेव्हा तिथे कामाला असलेली आपली माणसं बसमध्ये कोंबून घेऊन वाळवंटातून अम्मानला पोचली आणि तिथून विमानानं मुंबईला उतरली. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. उतरल्यानंतर त्यांचं काय झालं, ते मला मुलांना सांगायचं होतं. त्यातला एक माणूस माझ्या माहेरी, पनवेलच्या घरात, खुर्चीत बसून रोज मला चहा आणायला सांगत होता.

हा माणूस म्हणजे माझे अब्बा. त्यांच्याकडून काही काढून घेणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. वाळवंटात काय खाल्लंत? "मिळेल ते." भीती वाटली का? "कुणाला नाही वाटत?" अम्मानच्या छावणीत किती दिवस होतात? "आता काय उपयोग त्याचा?" शाळेत मी सातवीच्या वात्रट पोरांकडून पाढे म्हणवून घेते, पण या एका माणसापुढे माझी मात्रा चालेना. शेवटी अम्मीलाच दया आली. "त्यांना लढाईचं विचारू नको, बॅगेचं विचार," ती म्हणाली. पण बॅगेचं विचारायची सोय नव्हती. बॅग म्हटलं की अब्बा उठून दुकानात निघून जायचे.

आमचं गाव माणगावच्या पुढे, समुद्राच्या बाजूला. तिथे घरटी एक माणूस आखातात. तो सुट्टीवर आला की त्याची बॅग पडवीच्या मधोमध ठेवतात. जाड दोरीनं करकचून बांधलेली, वर ऑइल पेंटनं नाव आणि गाव लिहिलेलं. शेजारीपाजारी सहज आल्यासारखे येतात, तब्येत विचारतात, आणि बॅगेकडे कुणीही बघत नाही. दोरी कापायचा मान मोठ्या बहिणीचा. दोरी कापेपर्यंत आलेला माणूस बसत नाही, उभाच राहतो. मग वाटणी होते. ज्याच्या नशिबात जे असेल ते, पण अख्ख्या मोहल्ल्यात साबणाच्या वडीशिवाय कुणी परत जात नाही.

अब्बांची बॅग त्या वर्षी भरून तयार होती. सुट्टी महिन्यावर आलेली, दोरी बांधून झालेली, आणि मध्येच लढाई उपटली. पळताना बसवाला म्हणाला, माणसं घेतो, सामान नाही. अब्बांनी बॅग फुटपाथवर ठेवली आणि बसमध्ये चढले. पनवेलला आमच्या दोन खोल्यांत ते आले तेव्हा मी चौथीत होते. त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एक टॉवेल. अम्मी रडली, मीही रडले, ते जिवंत आले म्हणून. ते मात्र म्हणाले, "गावी कळवू नका. जरा हातात काही येऊ दे, मग जाऊ."

ते "मग" वीस वर्षं चाललं. त्यांनी हार्डवेअरचं दुकान टाकलं, आम्हा भावंडांना शिकवलं, आमची लग्नं केली, पण गावात पाऊल टाकलं नाही. कुणाला गावी जायचं असलं की पळस्पे फाट्यापर्यंत हौसेनं सोडायला यायचे, बसमध्ये जागा पकडून द्यायचे, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. फुफीला, म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीला, काय सांगायचं? "सांग, दुकान सोडता येत नाही." शुक्रवारी दुकान बंद असतं हे फुफीला माहीत नव्हतं की काय!

आणि हीच ती फुफी, जिनं आई गेल्यावर अब्बांना वाढवलं. तीही काही कमी नव्हती. "धाकट्यानं मोठीकडं यायचं असतं, मोठी कशाला जाईल?" असं म्हणून गावातच ठाण मांडून बसली. एकदाच आली, माझ्या लग्नाला, आणि त्या दिवशी अब्बा सकाळपासून बिर्याणीच्या देगांपाशी जे उभे राहिले ते ती परत जाईपर्यंत. लांबूनच सलाम केला. या दोघांपुढे मी कितीदा कपाळावर हात मारून घेतला असेल!

मी कादंबरी लिहायला घेतली त्याच वर्षी फुफी अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. या वयात आता ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाले. ती खाटेला खिळली. दर जुम्म्याला तिच्या सुनेचा फोन यायचा, मागून फुफीचा आवाज यायचा, "त्याला म्हणावं, आता तरी ये. मी काय जल्माला पुरनार हाय?" अब्बा फोनकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "बघू." मला त्यांचा भयंकर राग यायचा. त्या रागाखाली खरं तर भीती होती. फुफी गेली आणि हे तिच्या मातीलाच पोचले, तर उरलेलं आयुष्य त्यांच्याकडे बघायचं कसं?

कादंबरीत मी तरी ते आधीच उरकून टाकलं. माझ्या नायिकेचा बाप लढाईतून येतो, हातात फक्त पिशवी, तसाच गावी जातो, बहीण धावत येऊन गळ्यात पडते, सगळे रडतात. छान प्रकरण झालं होतं. अब्बा वाचतील अशी अपेक्षा नव्हती, पण एका दुपारी चहाला गेले तर ते कागद मांडीवर घेऊन बसलेले, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं? अम्मानचा रस्ता चुकला का?"

"रस्त्याचं सोड. हा माणूस बॅगेशिवाय गावात शिरतो. असं कुणी जातं का?"

"अब्बा, कादंबरी आहे ती!"

"मुलं वाचतील ना? त्यांना वाटेल, असंच जातात."

माझा तोल सुटला. बहीण तिकडे खाटेवर पडून वाट बघतेय आणि या माणसाला माझ्या कादंबरीतल्या बापाच्या इभ्रतीची काळजी! "मग भरा एकदाची बॅग आणि चला!" मी ओरडले. स्वयंपाकघरातून अम्मी धावत आली. अब्बांनी कागद नीट रचून ठेवले आणि चपला घातल्या.

मला वाटलं, रुसून दुकानात गेले. कसलं काय! ते बाजारात गेले होते. पुढचा आठवडाभर त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. साबणाच्या वड्या, संत्र्याच्या सरबताची पावडर, डोकेदुखीचा बाम, नेलकटर, छोट्या टॉर्च, अत्तर, झुळझुळीत कापडाचे तागे. यातलं सगळं आता गावच्या नाक्यावरच्या दुकानात मिळतं, हे मी परोपरीनं सांगितलं. ते म्हणाले, "मिळतं ते वेगळं, आणलेलं वेगळं." मग थर्मास. कुवेतला जाताना फुफीनं त्यांच्याकडे एकच वस्तू मागितली होती, चहाचा थर्मास, लाल, वर फुलं असलेला, आतून काचेचा. पनवेलचा अख्खा बाजार आम्ही पालथा घातला. सगळीकडे स्टीलचे. "काका, ते आता येत नाहीत," प्रत्येक जण सांगायचा, आणि अब्बा प्रत्येकाला "आत माळ्यावर बघ" असं सांगायचे. शेवटी एका बोहऱ्याच्या दुकानात खरंच माळ्यावर निघाला, धुळीनं माखलेला.

शिवाय नावाचा घोळ होताच. बॅगेवर नाव रंगवायला त्यांनी मला पळस्प्याला नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडे नेलं. त्यानं नाव लिहिलं, गाव लिहिलं. अब्बा म्हणाले, "वर लिही, कुवेत ते बॉम्बे." त्यानं ब्रश थांबवला. "काका, इथून तर एसटीनं जाणार ना? मग बॉम्बे कशाला?"

"तू लिही," मी म्हणाले. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही निघालो. दोरी त्यांनी स्वतः बांधली, गुडघा टेकवून, करकचून. फाट्यावर बस आली तेव्हा मी त्यांचा दंड धरून ठेवला, न जाणो सवयीनं मागे फिरायचे. सबंध रस्ता ते बॅगेवर हात ठेवून बसले होते.

पडवी माणसांनी भरलेली होती. फुफीची खाट बाहेर आणून ठेवली होती. अब्बांनी बॅग मधोमध ठेवली आणि बाजूला उभे राहिले. सत्तरीला आलेला माणूस, पाय सुजलेले, उन्हातनं आलेला, आणि तीन जण खुर्ची पुढे सरकवताहेत तरी बसायला तयार नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचे संपादक होते. "मॅडम, शेवटच्या प्रकरणात निदान एक तोफ?" मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

फुफीनं उशीखालून सुरी काढली. ती तिथे आधीपासून होती. कुणीतरी बॅग खाटेला टेकवून उभी केली. फुफीनं दोरीवरून हात फिरवला, ती रंगवलेली अक्षरं चाचपली, वाचता येत नव्हतं तरी. मग मान वर करून अब्बांकडे बघितलं. मला वाटलं, आता वीस वर्षांचा हिशेब बाहेर पडणार.

"विमान लेट झालं काय रे?" फुफीनं विचारलं.

"हां, आपा," अब्बा म्हणाले. "जरा लेट झालं."

"हुईल. तवा लढाई व्हती."

तिनं सुरी दोरीला लावली. हातात जोर नव्हता, सून मदतीला वाकली, तर तिला हातानंच बाजूला सारलं. बराच वेळ लागला. दोरी तुटून खाली पडली.

"आता बस," फुफी म्हणाली.

अब्बा तिच्या पायाशी, खाली फरशीवर बसले.