फळीला लोंबकळलेला मिस्त्री

लोणावळ्याच्या बाजारात मी खेळण्यांचं दुकान थाटलं, तेव्हा फळ्या बसवायला इंदुरी गावचा एक सुतार यायचा. माणूस अबोल. फळी ठोकून झाली की गुडघ्यांवर रांगत दुकानभर फिरायचा आणि लेकराच्या उंचीवरून सगळं न्याहाळायचा. "शेट, पोरं हितनं चढत्यात," एवढंच म्हणायचा. त्याच्या या धास्तीचा मला वैताग यायचा.

दिवाळीच्या तोंडावर दुकान उघडलं. पहिल्याच सकाळी मुलांची झुंबड उडाली आणि हा धापा टाकत आला. दारातली भिरभिरी दाखवून त्यानं सगळ्या मुलांना बाहेर काढलं. मग मधली फळी दोन्ही हातांनी धरून चक्क लोंबकळला.

"मिस्त्री, वेड लागलं का?" मी ओरडलो.

तोच भिंतीचा गिलावा सुटला आणि पत्र्याच्या मोटारींसकट फळी त्याच्या खांद्यावर कोसळली.

"काल खिळा ठोकताना भित पोकळ वाजलती," तो उठत म्हणाला. "घरी गेलो, पर जीव थाऱ्यावर न्हवता. कालच सांगाया पायजे हुतं, शेट. चुकलं माजं."

खांदा चोळत तो मोटारी गोळा करू लागला. मी दाराशी गेलो आणि बाहेरची मुलं एकेक करून मोजली. मग पुन्हा मोजली.