इंजेक्शननंतरचा अर्धा तास

हसनाबादच्या बेबीनंदाबाई लोकांच्या शेतात खुरपणीला जायच्या. पावसाळा सरताना बांधावर गाजरगवत फुललं, की त्यांना शिंका सुरू व्हायच्या. डोळे सुजायचे, छाती घरघरायची. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून त्या भिंतीला टेकून बसूनच झोपायच्या.

शेवटी मुलगी दीपमाला त्यांना जालन्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हातावर टोचून तपासणी झाली, तेव्हा गाजरगवताच्या जागी मोठी गांध उठली.

"याच गवताच्या परागांचं औषध थोडं थोडं टोचत जाऊ," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू अंगाला सवय होईल. पण दोन-तीन वर्षं नेमानं यावं लागेल."

"ज्यानं जीव नकोसा केला, तेच अंगात घालायचं?" बेबीनंदाबाईंना पटेना. तरी त्या तयार झाल्या.

सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागे. सोबत नवरा, तातेराव. गवंडीकाम करणारा अबोल माणूस. इंजेक्शननंतर काही त्रास झालाच तर लगेच उपचार व्हावेत, म्हणून अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असे. एवढ्या संसारात दोघं असं रिकाम्या हातांनी शेजारी कधी बसले नव्हते. आधी नुसते पंख्याकडे बघत राहायचे. मग बोलणं सुरू झालं. शाळेत असताना आपण नाचात पहिली आल्याचं तिनं एकदा सांगितलं.

"हे मला कधी बोलली न्हाई."

"तुम्ही कधी बसले का असे?"

एकदा मात्र इंजेक्शननंतर तिच्या मानेवर गांधी उठल्या, श्वास अडकू लागला. तातेराव ओरडतच आत धावले. डॉक्टरांनी लगेच उपचार केले आणि पुढचा डोस कमी करायचं ठरवलं. पण परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आता बास. मला न्हाई यायचं."

तातेराव खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "रात्री तू बसून राह्यती, तव्हा मी बी जागाच असतो. डोळे मिटून पडतो नुसता."

पुढच्या आठवड्यात तयार होऊन तीच आधी दारात उभी राहिली.

पुढं इंजेक्शनं महिन्यावर आली. दुसऱ्या वर्षी गवत फुललं तेव्हा शिंका आल्या, पण दम लागला नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "आता थांबवू. काही वाटलं तरच या."

तातेराव घुटमळले. "आनखी थोडे दिवस चालू ठेवलं, तर जमंल का?"

डॉक्टर हसले. बेबीनंदाबाईंनी पदरानं तोंड झाकून घेतलं आणि नवऱ्याला बाहेर आणलं.

"चला," ती म्हणाली, "मोतीबागेत बसू थोडं."

हसनाबादची गाडी गेली तरी दोघं बोलत बसले होते.