अनोळखी इसम, निळा शर्ट

मेव्हण्याने फोनवर सांगितलं होतं, किल्ली मीटरच्या पेटीवर ठेवलीय. घरचे सगळे रहिमतपूरला लग्नाला गेले होते, बायकोही त्यांच्याबरोबर. मी कॉलेजातल्या परीक्षेचं काम उरकून सांगलीहून भर दुपारी उंब्रजजवळच्या सासुरवाडीत पोचलो. मेव्हण्याचा बंगला नवा, आणि एकाच कंत्राटदाराने ओळीने तसेच चार बांधलेले. मीटरच्या पेटीवर हात फिरवला, किल्ली मिळाली. आत गेलो, माठातलं पाणी प्यालो, पंखा लावला आणि सोफ्यावर आडवा झालो.

तेवढ्यात फोन वाजला. त्या गावात एक सोय आहे. एका नंबरवर बोललं की बोलणाऱ्याचा आवाज गावातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. आग लागली, बिबट्या दिसला, चोर शिरला, की मिनिटात गाव गोळा. मेव्हण्याने हौसेने आम्हा पैपाहुण्यांचे नंबरही त्यात घातलेत. कुणीतरी करड्या आवाजात सांगत होतं, "आपल्या आळीत बंद घरात अनोळखी इसम शिरलाय. निळा शर्ट, टक्कल, पोट सुटलेलं. समद्यांनी काठ्या घिऊन या."

मी घाबरलो. पटकन उठून आतून कडी लावली, चोर इकडे यायला नको म्हणून. खिडकीतून पाहिलं तर समोरच माणसं जमलेली. मी विचारलं, "सापडला का?"

बाहेरच्या सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मग माझं माझ्याच शर्टाकडे लक्ष गेलं. घर शेजाऱ्यांचं होतं. तेही त्याच लग्नाला गेलेले, आणि त्यांचीही किल्ली मीटरवरच. तिकडे मांडवात बायकोचाही फोन वाजला होता. वर्णन ऐकून इसम कोण ते तिने एकटीनेच ओळखलं. शर्ट तिनेच घेतलेला.

फोन केला होता समोरच्या निवृत्त हवालदारांनी. ओळख पटल्यावर ते एवढंच म्हणाले, "पाव्हणं, वर्णन बराबर हुतं का न्हाई?" माफीचा शब्द नाही. त्या दिवसापासून सासुरवाडीत मी 'चोर दाजी'. बारशाला गेलो तरी कुणीतरी म्हणणार, बाळाचे वाळे बघून ठेवा गं.

मी समाजशास्त्र शिकवतो. विचलन, गुन्हा आणि सामाजिक नियंत्रण हे प्रकरण वीस वर्षं माझ्याकडेच आहे. कृत्य मुळात गुन्हा नसतं, समाज त्याला तसं नाव देतो, आणि नाव एकदा चिकटलं की माणूस त्याखाली दबतो, हे मी इतकं शांतपणे सांगायचो की पोरं झोपायची. त्या वर्षी कुणी झोपलं नाही. प्रत्येक उदाहरण "समजा, एक निवृत्त हवालदार आहे" इथून सुरू व्हायचं. एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, विचलित व्यक्तींचे मुख्य प्रकार तीन: चोर, व्यसनी आणि हवालदार. मी पूर्ण गुण दिले.

पण तेवढ्याने आग विझेना. मला त्यांनाही तसंच नाव चिकटवायचं होतं, त्याच फोनवरून, जमलं तर त्याच शब्दांत.

संधी मिळाली ती पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. सकाळी मेव्हण्याच्या गॅलरीत चहा पीत होतो. खाली हवालदार आमच्या कुंपणात हात घालून जास्वंदीची फुलं तोडत होते, पिशवी भरून. माझं वाक्य दीड वर्ष पाठ होतं. नंबर लावला आणि म्हणालो, "आपल्या आळीत एक इसम दुसऱ्याच्या कुंपणात हात घालून चोरी करतोय. पांढरी मिशी, खाकी स्वेटर, टोपी. सगळ्यांनी काठ्या घेऊन या."

हवालदारांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला. पिशवी कुंपणावर ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध सावधानमध्ये उभे राहिले. माणसं धावत आली तेव्हा त्यांनीच सांगितलं, "त्यो इसम मीच. वर्णन बराबर हाय. फकस्त टोपी न्हाई, मफलर हाय."

लोक हसायला लागले. देवाच्या फुलांना चोरी कवापास्नं म्हणाय लागले, असं एका म्हातारीने विचारलं. मेव्हण्याची बायको आतून परडी घेऊन आली; ते रोजच नेतात म्हणाली. मग सगळ्यांनी वर पाहिलं. फोन अजून माझ्या कानालाच होता.

"चोर दाजी," कुणीतरी हाक मारली, "खाली या की."

हवालदार हवालदारच राहिले. नाव कुणाला चिकटतं आणि कुणाला नाही, यावर त्या प्रकरणात एक परिच्छेद आहे. वेळ पुरत नाही म्हणून मी तो दरवर्षी गाळत आलोय. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला लाज वाटली नाही. मफलर आपल्याला टोपी कशी दिसली, याचाच राग आला. दुसऱ्या दिवशी हवालदार फुलांना आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

परतताना कराड मागे पडल्यावर बायको म्हणाली, "त्यांनी तुम्हाला ओळखलं नव्हतं. तुम्ही ओळखून केलंत."

दीड वर्ष मी काय सोसलं ते मी सांगायला लागलो.

"माझाही फोन वाजला होता," ती म्हणाली. "इतका खुशीतला आवाज तुमचा मी आपल्या लग्नातसुद्धा ऐकला नाही."