आपसूक उघडणारा कंपूटर

आमचा प्रशिक नसरापुरात यष्टी थांबते तितं दाखले काढून द्यायचा. पुढं दुकान, मागं घर. कुनीतरी भंगारात काढलेला कंपूटर आनला, त्यात लिनक्स घातलं, फुकटात मिळतंय म्हनून. वेल्ह्याकडची म्हातारी मानसं यायची, त्येंच्याशी काम थोडं आन गप्पाच जास्त.

त्याच्या आईला, अक्काबाईला, अक्षरवळख न्हाई. म्हनून कंपूटर तिच्या नावानं आपसूक उघडंल असं करून ठिवलं हुतं त्यानं. तिनं बटन दाबलं की पासवर्ड न इचारता तोरणा गडावरलं धुकं दिसायचं, त्यानंच फोटूत काढल्यालं, आन मागनं त्यानं भरून ठिवल्याला त्याचा आवाज, "आये, चहा टाकला का?"

माघात वेल्ह्याहून येताना धुक्यात गाडी घसरली, प्रशिक गेला. दुकान त्याच्या बहिनीनं, छायानं, चालवाय घेतलं. अक्काबाई मातर रोज सांजच्याला बटन दाबायची. धुकं यायचं, आवाज यायचा, आन तिला वाटायचं, पोरगं वाटंतच हाय, पोचंल आता.

एकदा परिंटर अडला. छायानं लिनक्सची कसली कसली पॅकेजं, म्हंजी परोग्राम, पुन्ना घातली. मधीच कंपूटरनं इचारलं, तुमी बदललेली जुनी फाईल ठिवू का नवी घेऊ? तहसीलात जुना अर्ज दिला की माघारी येतो, त्याच सवयीनं छाया म्हनली, नवी.

सांजच्याला अक्काबाईनं बटन दाबलं. धुकं न्हाई, आवाज न्हाई. पासवर्ड मागनारी रिकामी चौकट निस्ती. ह्या नावाचा पासवर्ड कुनालाच ठाव न्हवता, कधी लागलाच न्हवता. छाया म्हनली, म्या नवा घालते, रोज म्याच उघडून देत जाईन.

अक्काबाई काचंत आपलंच तोंड बघत बसली हुती. "तू उघडलंस तर त्यो बोलावल्यावानी हुईल, बाई. मला त्यो आपनहून आल्याला पायजे."

मग छाया सवताच्या नावानं आत गेली. लॉगिनच्या सेटिंगा असत्यात त्या फोल्डरात हुडकलं. नव्या फाईलीत अक्काचं नाव कुठंच न्हाई. पर शेजारीच त्याच नावाची दुसरी फाईल, शेपटाला 'ओल्ड' लागल्याली. मशिनीनं जुनी टाकून दिली न्हवती, बाजूला सारली हुती निस्ती. छायानं ती उघडली. कामाच्या वळींच्या वर प्रशिकनं आपल्यापुरतं लिवल्यालं, 'आय हाय. इचारू नको, आत घे.'

छायाला लई येळ काय दिसंना. मग डोळं पुसून तिनं जुनी फाईल नवीच्या जागी घातली, कंपूटर बंद केला आन आईला हाक मारली.

अक्काबाईनं बटन दाबलं, हात मांडीवर घेतलं. पडदा काळाच ऱ्हायला जरा. मग खालनं वर यावं तसं धुकं आलं.

"आये, चहा टाकला का?"

"टाकते," अक्काबाई हळूच म्हनली. "तू ये सावकाश. धुकं लई हाय."