पुंजाजी वाढई आणि सात कुलपांचा किल्ला

पुंजाजी वाढयाचा, म्हणजे आमच्या सुताराचा, लाकूड तासायचा वाकस थांबला की मी समजायचो, आता आपलं काही खरं नाही. मी वाचतो आहे, बारा-पंधरा माणसं ऐकताहेत, मधूनच कुणी "हां, मंग?" म्हणतंय, आणि या सगळ्यामागे पुंजाजीचा वाकस लाकडावर ठक ठक चाललाय, तोवर सगळं ठीक. एकदम ती ठकठक बंद पडायची. मी मान वर करायचो नाही. वर केली की तो कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत असणार आणि म्हणणार, "थांबा मास्तर. हे मले पटून नाही राह्यलं."

गाव मेडशी. आमचा जिल्हा तेव्हा अकोला. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, वय पंचविशीचं, आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. समजू नये तर काय? वाशिमला शिकलेलो, तोडकंमोडकं संस्कृत येत होतं, आणि आख्ख्या गावात पुण्याहून टपालानं मासिक मागवणारा मी एकटा. त्या मासिकात 'सात कुलपांचा किल्ला' नावाची कादंबरी दर महिन्याला एक प्रकरण अशी येत होती. विरूपसेन नावाचा मांत्रिक, त्याची बहीण केतकी, त्याच्यावर चालून येणारा एक राजपुत्र, आणि सात कुलपं असलेला किल्ला. प्रत्येक कुलूप उघडायला विरूपसेनाला काहीतरी अचाट जादू करावी लागे.

अंक आला की मी घरी एकदा वाचून घेई आणि रविवारी दुपारी पुंजाजीच्या मांडवात मोठ्यानं वाचून दाखवी. मांडव त्याचाच, कारण वखर नाहीतर गाडीचं चाक दुरुस्त करायला आलेली माणसं तिथं आयतीच बसलेली असत. महिन्याचा एक रविवार वाचनाचा आणि उरलेले भांडणाचे. भांडण कशाचं? तर विरूपसेनाची जादू चालते कशी, याचं. हसू नका. पेरणीच्या दिवसांतसुद्धा माणसं त्यावर हमरीतुमरीवर यायची. पाटलांचं म्हणणं, याला कुठल्या तरी देवीचा वर आहे. बाकीच्यांचं म्हणणं, याच्या ताब्यात भुतं आहेत. मी माझं शास्त्र मांडायचो, की सगळी शक्ती मंत्राच्या अक्षरांत आहे, पहिल्या कुलपाला एक अक्षर, दुसऱ्याला दोन, अशी ती चढत जाते. मी "बीजाक्षर" असं म्हणायचो तेव्हा पाटील मान डोलवायचे. मला ते फार आवडायचं.

पुंजाजी चाळिशी ओलांडलेला, काळा, उंच, कानावर पेन्सिलीचा तुकडा खोचलेला. पेन्सिल होती ती रेघा मारायला. अक्षराशी त्याची ओळख नव्हती. महिना दोन महिने तो काहीच बोलला नाही. मग एकदा, विरूपसेन मंत्रानं नदीवर पूल उभा करतो ते प्रकरण चालू असताना, वाकस थांबला.

"लाकूड तासलं का भुसा पडतेच," तो म्हणाला. "भुसा न पाडता कोनी चाक केलं असन तं मले दाखवा. या विरूपसेनानं नदीवर पूल बांधला, बरं केलं. पन भुसा कुठं पडला?"

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच हसलो. पुंजाजी हसला नाही. तो म्हणाला, "मास्तर, पूल झाल्यावर थो घरी येते आन् बहीन त्याले खीर वाढते, ते वाचजा पुन्हा."

मी वाचलं. विरूपसेन खिरीचा एक घास घेतो, "अळणी आहे" म्हणतो आणि ताट बाजूला सारतो. एवढंच.

"खीर काय अळणी राह्यते?" पुंजाजी म्हणाला. "त्याची जिभ गेली, बाप्पा. चव देली त्यानं आन् पूल घेतला. फुकट काहीच नाही झालं. पुढच्या कुलपाले थो बहिनीलेबी वळखनार नाही, पाहा."

मग पाटलांनी मांडीवर थाप मारली, "वा रे पुंजाजी! मास्तर, हे तुमच्या बुकात होतं आन् तुमाले नाही दिसलं?"

नाही दिसलं. मी ते पान घरी एकदा आणि मांडवात एकदा वाचलं होतं, आणि मला खीर म्हणजे खीरच वाटली होती. त्या दिवसापासून पुंजाजीचा मला हेवा वाटू लागला. उगाच गोड शब्द कशाला वापरू? जळत होतो मी. चुलीवर ठेवलेल्या दुधावर नजर ठेवावी तशी मी त्याच्यावर नजर ठेवून असायचो, की हा आता काय काढतो. लोक मला वाटेत अडवून विचारू लागले, "मास्तर, पुंजाजी काय म्हनते या खेपेले?" वाचणारा मी, वर्गणी भरणारा मी, आणि विचारायचं काय, तर पुंजाजी काय म्हणतो!

त्यात तो माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. शाळेचा फळा उखडला तेव्हा त्यानं न सांगता येऊन बसवून दिला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "पोरं शिकून राह्यले ना बाप्पा, आपल्याले नाही आलं तं नाही आलं." असल्या माणसाशी भांडणार कसं?

मग तिसऱ्या कुलपाचा अंक आला. मी घरी ओट्यावर बसून वाचला आणि कानशिलं तापली. तिसरं कुलूप उघडून विरूपसेन परत येतो, दारात केतकी उभी असते, तो तिच्याकडे बघतो आणि विचारतो, "बाई, आपण कोण?" आणि कोपऱ्यातला एक म्हातारा पुढे सांगतो, की प्रत्येक जादूनं याचं स्वतःचं काहीतरी जातं. शब्दन् शब्द पुंजाजीचा! पुण्याच्या लेखकानं मेडशीच्या वाढयाच्या मांडवात येऊन ऐकून जावं तसा.

रविवारी मी वाचायला बसलो. पुढे पाटील, मागे ठकठक. ती ओळ आली. आणि मी ती वाचलीच नाही. डोळे कागदावर ठेवून मी म्हणालो, "'केतकी! माझी केतकी!' असे म्हणून विरूपसेनाने तिला पोटाशी धरले." म्हाताऱ्याला मी सरळ गाळून टाकलं. वर कुलपासाठी तीन अक्षरांचा एक मंत्र पदरचा घातला. कोण बघणार होतं? पाटलांना मोडी येई, पण बारीक छापील अक्षर त्यांच्या डोळ्यांना झेपत नसे. बाकी सगळे अंगठेबहाद्दर. त्यांनी माझ्या तोंडावर विश्वास टाकला होता, आणि मी त्याच तोंडानं त्यांना फसवलं.

"तीन अक्षरं!" पाटील ओरडले. "मास्तर जिकले!"

वाकस थांबला होता. "बहिनीले वळखलं त्यानं?" पुंजाजीनं विचारलं. मी हो म्हणालो. "मंग माह्यं चुकलं," तो म्हणाला. "लिहिनाराच सांगून राह्यला, तं आपुन कोन?"

वाटलं होतं, मला आनंद होईल. झालाही, घर येईपर्यंत टिकला. पुढच्या रविवारी गेलो तर पुंजाजीनं माझ्यापुढे पोथी ठेवायची असते तशी सागाची घडीची घोडी ठेवली. आठवडाभर खपून केलेली, कडांना वेल कोरलेली. म्हणाला, "वाकून वाकून वाचता, मान दुखत असन तुमची." मी ती घेतली. काय करणार? दुखते म्हणालो.

दोन रविवार तो गप्प होता. तिसऱ्या रविवारी मी बसायच्या आतच म्हणाला, "मास्तर, भुसा पडला तं असनच. त्याच्या अंगावर नाही पडला, मंग कोनाच्या पडला? तुमी मले केतकीचं समदं पहिल्यापासून वाचून दाखवा."

मी कंटाळल्याचा आव आणत मागचे अंक काढले. पहिलं कुलूप उघडलं तेव्हा केतकीचे केस एका रात्रीत पांढरे झाले होते. भावाच्या काळजीनं झाले, असं लेखक म्हणतो. दुसऱ्या कुलपानंतर ती गायची बंद झाली. का, ते लेखक सांगतच नाही, बहुधा विसरला असावा.

"आन् खीर?" पुंजाजी म्हणाला.

"खिरीचं काय?"

"खीर रांधली कोनं? तिनंच ना? मी येडा, म्हनलं त्याची जिभ गेली. जिभ नाही गेली मास्तर, तिच्या हाताची चव गेली." त्यानं वाकस खाली ठेवला. "जादू थो करते आन् मोल थे देते. आन् त्या लेकाले मालूमच नाही. फुकट समजून करून राह्यला."

"अरे बाप्पा बाप्पा," पाटील हळूच म्हणाले. त्यांना चार बहिणी होत्या.

मी घरी आलो आणि सगळे अंक पुन्हा चाळले. सगळं बसत होतं. माझ्या थापेतूनसुद्धा त्यानं लेखकापेक्षा चांगली गोष्ट काढली होती. मी त्याला पाडायला खड्डा खणला आणि या माणसानं त्यात विहीर बांधली! त्या रात्री मी नीट जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

पण खरी गंमत पुढे झाली. एकदा खोटं वाचल्यावर पुढचा अंक खरा वाचता येईना. तिकडे विरूपसेन बहिणीला विसरलेला, इकडे मांडवात तिला पोटाशी धरून बसलेला. मला दर महिन्याला थोडं थोडं बदलावं लागे. आणि माझ्याजवळ होतं काय? अक्षरं मोजण्यापलीकडे माझं डोकं चालत नव्हतं. मग मी पुंजाजीचंच वाचू लागलो. तो या रविवारी म्हणे, "आता तिची नजर जाईन, पाहा," आणि पुढच्या अंकात मी केतकीची नजर घालवी. लोक थक्क होत. "पुंजाजीले आंधीच समजते!" म्हणत. तोही बिचारा लाजून म्हणे, "लिहिनारा सरळ मानूस हाय, म्हनून समजते." आणि मी आतल्या आत धुमसत, घोडीवरच्या कागदात नसलेली वाक्यं वाचत बसे.

शेवटचा अंक आला. छापील शेवट असा, की राजपुत्र येतो, तलवारीनं विरूपसेनाचं मुंडकं उडवतो, कुण्या राजकन्येशी लग्न करतो, तोरणं लागतात. मी त्या दुपारी वाचलं ते असं: सातव्या कुलपापुढे विरूपसेन उभा राहतो, मंत्र ओठांवर येतो, आणि मागे आंधळी केतकी त्याला चाचपडत त्याच्या खांद्यावर हात ठेवते. त्या हाताला वजन नसतं. तेव्हा त्याला कळतं. तो मंत्र गिळतो, हात मागे घेतो, आणि बहिणीला पाठीवर घेऊन किल्ला उतरू लागतो. कुलूप बंद राहतं.

पाटलांनी उपरण्यानं डोळे पुसले. पुंजाजी उठून मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "असा लिहिनारा एकदा पाहाले भेटावा." मला म्हणावंसं वाटलं, अरे, तूच तो. म्हणालो नाही. म्हटलं असतं तर माझी थाप उघडी पडली असती, हे एक. दुसरं आणि खरं कारण म्हणजे मला ते त्याला द्यायचं नव्हतं.

माझी बदली रिसोडला झाली. सहासात वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी दारात बैलगाडी थांबली आणि पुंजाजी उतरला. केस पिकलेले, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. पाणी प्यायला, बसला, आणि म्हणाला, "मास्तर, मी वाचाले शिकलो. नातीपाशी बसून. पाटलानं त्या किल्ल्याचं बुक आनलं होतं, छापलेलं. अक्षर अक्षर लावून समदं वाचलं. पुरा उन्हाळा गेला."

आता हा जाब विचारणार, आणि विचारावाच, मनाशी म्हटलं.

"त्यात तं त्याले तलवारीनं मारते," तो म्हणाला. "तिसऱ्या कुलपाले थो बहिनीले वळखत नाही, मी म्हनलं होतं तसंच. पन शेवटाले केतकी कुठंच नाही. आंधळी नाही, पाठीवर नेनं नाही. पाटील म्हने, मास्तरानं फसवलं आपल्याले." त्यानं चष्मा काढून धोतरानं पुसला. "मी म्हनलो, पाटील, फसवलं नाही. त्या पुन्याच्या मानसाले जमलं नाही, ते आपल्या मास्तरानं केलं. समदं तुमी मनानं रचलं ना? काहून नाही सांगतलं आमाले? मी येडा आपला अंदाज बांधत बसलो, आन् तुमी मनात पुरं बांधून बसले होते."

मी तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पुंजाजी माझ्यापुढे हात जोडून बसला होता, मेडशीच्या मांडवात ज्याच्यासाठी मी इतका जळलो ते कौतुक त्याच्याच तोंडून माझ्या पदरात पडत होतं, आणि मी ते घेतलं. "असंच सुचत गेलं," मी म्हणालो.

"देवानं देल्लं डोकं हाय," पुंजाजी म्हणाला. चहा घेऊन तो त्याच दुपारी परत गेला. एवढंच सांगायला आला होता, रात्रभर गाडीत बसून. पुढच्या वर्षी ताप येऊन वारला. मेडशीत अजून म्हातारी माणसं पोरांना ती बहिणीची गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, आमच्या मास्तरांनी रचली.

ती पुंजाजीनं रचली. केस, गाणं, हाताची चव, नजर, सगळं त्याचं. पाठीवर घेऊन उतरणंही त्याचंच. एकदा रंधा मारता मारता बोलून गेला होता, मी लक्षात ठेवलं. माझं त्यात फक्त वाचणं होतं, तेही खोटं. तो गेल्यावर हे लिहून टाकायला मला वीस वर्षं लागली, आणि खरं सांगतो, अजूनही त्याचं नाव लिहिताना हात मागे येतो.